चंद्रावरच्या पंचवीस फुल्या

१ सप्टेंबर, सोमवार

दुपारी वाचनालयाच्या बाई आल्या. ओळखपत्राचा फोटो हवा असेल असं समजून मी स्टूल पुसून पुढे केलं. त्या बसल्याच नाहीत. म्हणाल्या, "चंद्रावरचे फोटो खरे की बनवलेले, ह्यावर बोलाल का? आमच्याकडे दोन आजोबा रोज ह्यावरून भांडतात. एक म्हणतात माणूस गेला, दुसरे म्हणतात गोदामात वाळू पसरून फोटो काढले. परवा ओढाताणीत वर्तमानपत्राचे दोन तुकडे झाले. फोटोतलं कळणारं माणूस म्हणून सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं."

मी "बघतो" म्हणालो. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट जाऊ दिलं, मग "बरं" म्हणालो. लगेच हो म्हटलं की माणूस हलका होतो.

रविवार, २८ तारीख, संध्याकाळी पाच.

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला व्याख्यानाला बोलावतायत. ज्याच्याकडे मी कामाला होतो, तो निगेटिव्हवर पेन्सिल चालवताना माझ्याकडे पाठ करून बसायचा, कला चोरीला जाऊ नये म्हणून. मी समोरच्या आरशात बघून शिकलो. पुढे कळलं की आरशात सगळं उलटं दिसतं, आणि मी दोन वर्षं डाव्या हाताने काम करतोय. पुन्हा उजव्याने शिकलो. आज एकतीस वर्षं झाली. सुरकुती कुठे ठेवायची आणि कुठे पुसायची, हे माझ्या उजव्या डोळ्याला कुणी सांगावं लागत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

लेक आली होती. शाळेत विज्ञान शिकवते. तिच्यासमोर व्याख्यानाची तालीम केली.

"आभाळात तारे का नाहीत?" असं लोक विचारतात. मी म्हटलं, लग्नात पांढऱ्या कपड्यातली माणसं दिव्याखाली उभी कर आणि मागच्या अंधारातला आचारी फोटोत येतो का बघ. उन्हात चमकणाऱ्या माणसाला धरून कॅमेरा लावला की मंद तारे उमटत नाहीत. सावल्या वेगवेगळ्या दिशांना का? जमीन खड्ड्याखळग्यांची आहे म्हणून. आणि फोटोवर त्या बारीक काळ्या फुल्या कसल्या? कॅमेऱ्यात फिल्मपुढे एक काच होती. तिच्यावर पाच ओळींत पाच-पाच, अशा पंचवीस फुल्या कोरलेल्या, नंतर मोजमाप करता यावं म्हणून. मधली जरा मोठी. मग एखादी फुली वस्तूच्या मागे गेल्यासारखी का दिसते? कारण लखलखीत पांढरं बारीक काळ्या रेघेला खाऊन टाकतं. नवरीच्या साडीच्या काठाचं मी रोज हेच बघतो.

लेक टाळ्या वाजवायची राहिली होती. "बाबा, अगदी असंच बोला. मी नववीच्या दोन्ही तुकड्या घेऊन येते. मुख्याध्यापिकांनाही सांगते."

"त्यांना सांग, वक्ता नववीतूनच पळालेला आहे."

"तेच तर सांगणार आहे," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं की काय कोण जाणे. मी कॅमेरा पुसायला घेतला.

६ सप्टेंबर, शनिवार

कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी वडिलांचा फोटो आणलाय. एकुलता एक, घडी पडलेला. नियमाप्रमाणे मूळ फोटोला हात लावला नाही, प्रत काढून तिच्यावर काम सुरू केलं. भिंगाखाली बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं. जुन्या कॅमेऱ्यांचा दोष. ब्रशने सरळ करतो आहे.

माझ्या कॅमेऱ्यातही काहीतरी बिघडलंय. आतून बघताना माणसाच्या नाकावर धुरकट डाग दिसतो आणि मागच्या पडद्याची दांडी मधोमध वाकते. लेन्समध्ये बुरशी असणार. दुरुस्तीवाल्याकडे पाठवली.

ही जेवताना म्हणाली, "अहो, पूर्वी माझ्या हातातून सुई हिसकावून दोरा ओवायचात. हल्ली मलाच देता."

"सुया बारीक काढतात हल्ली."

"सुया तेवढ्याच आहेत. तीन महिने सांगतेय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. डोळा गेला तर दुकानात काय माझं तोंड बघत बसणार?"

मी म्हटलं, "बत्तीस वर्षं तेच तर बघतोय." ती हसली नाही. डॉक्टर पुस्तकातून डोळा शिकलेले असतात. रस्त्यापलीकडची पाटी मी इथून वाचतो, खालचा फोन नंबरसुद्धा. डोळ्यांना काय धाड भरलीय?

९ सप्टेंबर, मंगळवार

जे घडलं ते नीट लिहितो.

व्याख्यानासाठी चंद्रावरच्या एका फोटोची मूळ फिल्मच्या मापाची प्रत काढली होती, तळहातावर मावेल अशी. मोठा फोटो माणसाला भुलवतो, लहान भुलवत नाही. प्रत उभ्या भिंगाखाली ठेवली, डावा डोळा मिटला आणि फुल्यांच्या मधल्या ओळीवरून नजर फिरवली.

ओळ सरळ नाही.

मधल्या मोठ्या फुलीपाशी ती खाली झुकते आणि पुढे पुन्हा वर येते. काचेवर कोरलेली ओळ वाकेल कशी? काच काय कणीक आहे? ओळ वाकते म्हणजे फोटो दोन तुकडे जोडून केलेला आहे. भिंग काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर सगळं सरळ. म्हणजे ज्याने हे केलं तो पक्का कसबी. साध्या नजरेला सापडू नये इतपतच चूक ठेवलीय. आजवर कुणाला सापडली नाही, कारण जग साध्या नजरेने बघतं.

गेला आठवडाभर मी लोकांच्या शंकांना हसत होतो. तारे, सावल्या, सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे आहेत. ह्याचं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

दुकान उघडल्यापासून खुर्चीवर टेकलो नाही. आणखी सहा फोटोंच्या प्रती काढल्या. सहाही वाकड्या. आणि नवल म्हणजे वरची ओळ बघितली की ती वाकते, खालची बघितली की खालची. जिथे बघावं तिथे लबाडी. एखाद्या फोटोत सापडली असती तर चूक म्हणून सोडली असती. सगळीकडे आहे म्हणजे ठरवून केलेलं काम आहे.

शेजारचे खिळेभाऊ फोटोंच्या चौकटी करतात. तोंडात सदैव चार खिळे, म्हणून हे नाव. त्यांना भिंगाखाली बघायला लावलं.

"काय दिसतं?"

"चंद्र."

"फुल्या बघा. ओळ वाकडी आहे की नाही?"

त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा मिटला, मग दोन्ही मिटले. "मास्तर, तुम्ही म्हणताय म्हणजे असेल वाकडी."

"मी म्हणतोय म्हणून नको. दिसते का?"

"खरं सांगू? मला सरळ दिसते. पण मला बायकोही सरळच दिसली होती."

ह्या माणसाला काय दाखवायचं. हातोडा चालवणारी नजर ती.

१३ सप्टेंबर, शनिवार

लेकीला दाखवलं. तिने दहा मिनिटं बघितलं. उजव्या डोळ्याने, डाव्या डोळ्याने, प्रत फिरवून. मग भिंग खाली ठेवलं.

"बाबा, सरळ आहे."

"नजर तयार व्हायला वर्षं लागतात."

"मग पट्टी लावू या. पट्टीला वर्षं लागत नाहीत."

पट्टी शिकाऊ लावतो, असं मी म्हणालो. एकतीस वर्षांत मी पट्टी लावून फोटो कापलेला नाही, केसभर कधी चुकला नाही. ती म्हणाली, "पण मी शाळेत काय सांगू? माझे बाबा फोटो खरे असल्याचं समजावून देतील म्हणून दोन तुकड्यांची परवानगी घेतलीय."

"सांग, बाबांना खरं सापडलं."

"खरं सापडलं असेल तर पट्टीला का घाबरता?"

तोंडातून गेलं, "चार पुस्तकं शिकलीस म्हणून बापाची नजर तपासतेस?" ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "मी मुलांना आणणार नाही." ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. दिवसभर भांडी जरा जास्तच वाजली.

आपण चुकत तर नाही? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. पुन्हा भिंगाखाली बघितलं. वाकडीच.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुरुस्तीवाल्याने लेन्स परत पाठवली. चिठ्ठी: "काच स्वच्छ आहे. बुरशी नाही. काही दोष नाही." लावून बघितली. डाग तिथेच, दांडी तशीच. हल्ली कुणाला कामच नको.

१७ सप्टेंबर, बुधवार

मधल्या फुलीच्या जागी आता फुलीच नीट दिसत नाही, करडं काहीतरी. नवीन मुद्दा. टिपून ठेवला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शिवणकामवाल्या बाई फोटो न्यायला आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे कोण?"

"तुमचे वडील."

"माझे वडील असं कुत्सित हसत नव्हते हो. हा माणूस उधार मागायला आलेल्याकडे बघतोय तसा दिसतो."

मी म्हटलं, मूळ फोटोतच तोंड वाकडं होतं, मी सरळ केलं. त्यांनी टेबलावरचा मूळ फोटो उचलला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. "सरळच होतं," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट माझीच समजूत काढावी तशा म्हणाल्या, "राहू दे, मास्तर. पुन्हा कधी वेळ मिळाला तर बघा." मूळ फोटो ठेवून गेल्या.

नजर नसलेल्यांना चांगलं कामही वाकडं दिसतं. असं लिहिलं खरं, पण दुपारपासून दुकानात येरझाऱ्या घालतोय. दोनदा शटर ओढलं, दोनदा उघडलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

वाचनालयाच्या बाईंना सांगून फलक बदलून घेतला. "चंद्रावरच्या फोटोंतील लबाडी: एका कारागिराला सापडलेला नवा पुरावा." बाई म्हणाल्या, "आधी ठरलं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं की." मी म्हटलं, माणसाने पुराव्यामागे जावं. त्या "हो का" म्हणाल्या आणि खडू झटकला. गोदामवाले आजोबा मागेच उभे होते. त्यांनी माझा हात इतका हलवला की खांदा दुखतोय.

ज्याची बाजू घेऊन उभा राहणार, तो माणूस मला आवडत नाही, हेही लिहून ठेवतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

विचार केला, लोकांची नजर तयार नाही तर त्यांच्यासाठी पट्टी लावू. पट्टी सरळ, ओळ वाकडी, मधली फट आंधळ्यालाही दिसेल. लेकीचंही तोंड बंद होईल.

पोलादी पट्टी पुसली. ओळीला चिकटवून ठेवली. डावा डोळा मिटून भिंगातून बघितलं.

फट नाही. ओळ झुकते तिथे पट्टीही झुकते.

पट्टी वाकली असणार. दुसरी आणली, तीही तशीच. उठलो, प्रत आणि भिंग घेऊन खिळेभाऊंकडे गेलो, त्यांचा गुण्या मागितला. काटकोन बघायचा तो जाड लोखंडी गुण्या त्यांच्या बापाच्या वेळचा आहे. तो प्रतीवर ठेवून भिंगातून बघितलं.

"खिळेभाऊ, तुमचा गुण्या वाकलाय."

त्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचं तोंड रिकामं बघितलं. "माझा गुण्या? मास्तर, हा वाकडा असेल तर तुमच्या भिंतीवरचे सगळे बाप-आजे इतकी वर्षं तिरके लटकतायत." मग माझ्याकडे बघून आवाज उतरला. "बसा. पाणी देतो."

बसलो नाही. गुण्या तिथेच टाकून आलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी पट्टी, प्रत, भिंग. उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं.

सरळ. ओळही, पट्टीही.

उजव्याने: वाकडी.

डाव्याने: सरळ.

अकरा वेळा केलं. मग शिवणकामवाल्या बाईंच्या वडिलांचा मूळ फोटो घेतला आणि डाव्याने बघितला. तोंड सरळ आहे. शांत, थोडं लाजरं तोंड आहे. मी केलेली प्रत डाव्याने बघितली. ती ह्यापुढे कुणाला दाखवायची नाही.

हिला सांगितलं. हिने कणकेचा हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला. केसांना कणीक लागली. म्हणाली, "सोमवारी डॉक्टर."

"आणि उद्याचं व्याख्यान? घसा बसला म्हणून कळवू?"

"घसा बसलेला नाही. जा आणि बोला. पळालात तर डोळ्याबरोबर नाकही जाईल."

२८ सप्टेंबर, रविवार

चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, बावीस भरल्या. दोन्ही आजोबा पुढच्या रांगेत, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. लेक शेवटच्या रांगेत एकटीच बसली होती. मुलं नव्हती. माझ्याकडे न बघता पिशवीचा पट्टा गुंडाळत होती.

मी पहिलंच व्याख्यान दिलं, तीन तारखेचं. तारे, सावल्या, काठ खाणारं पांढरं. आचाऱ्यावर लोक हसले. लेकीने मान वर केली. गोदामवाले आजोबा मात्र चुळबुळत होते. शेवटी उभे राहिले. "अहो, फलकावर नवा पुरावा लिहिलंय. तो कुठंय?"

मी प्रत, भिंग आणि पट्टी टेबलावर ठेवली. म्हटलं, "फुल्यांची ओळ पट्टीशी ताडून बघा. एकेकाने या."

रांग लागली. सगळ्यांनी बघितलं. आजोबांनी दोनदा. "सरळच दिसते," ते नाराज होऊन म्हणाले. "तुम्हाला काय दिसतं?"

वाटलं, सरळ म्हणावं आणि भिंग पिशवीत टाकावं. कुणाला कळणार होतं? मी भिंगाला उजवा डोळा लावला.

"मला वाकडी दिसते," मी म्हणालो.

सगळे हसले. आजोबाही हसले. मी गंमत केली असं वाटलं त्यांना. पहिल्या रांगेत ही आणि शेवटच्या रांगेत लेक, दोघीच हसल्या नाहीत. टाळ्या संपायच्या आत लेक पुढे आली. भिंग माझ्या हातातून घेतलं आणि विचारलं, "कोणता डोळा, बाबा?"

२९ सप्टेंबर, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टर लेकीच्याच वयाच्या. त्यांनी माझा डावा डोळा झाकला आणि समोर एक कागद धरला. बारीक चौकटींचा, मध्ये एक ठिपका.

"ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

मी म्हटलं, "डॉक्टरबाई, हा कागद मी तीन आठवडे बघतोय. माझ्या कागदावर मागे चंद्र होता."

सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, लिहून घेत राहिल्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात आणि पाणी झिरपलंय. दोन डोळ्यांनी बघताना चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून रस्त्यावरच्या पाट्या ठीक दिसतात. एका डोळ्याने भिंगात बघणाऱ्यालाच हे आधी दिसतं. "खरं म्हणजे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांत कामाबद्दल इतकं टोचून कुणी बोललं नव्हतं, आणि त्या टोचायला बोलल्याच नव्हत्या.

डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, पहिलं आजच झालं. आहे तेवढं टिकेल, गेलेलं सगळं परत येईल असं नाही. आधी आला असतात तर, एवढं म्हणून त्या थांबल्या. हीही "मी सांगत होते" म्हणाली नाही. सुईला मी घाबरत नाही. सुई येताना दिसते, हे मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं.

लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. मी म्हटलं, "चार पुस्तकांचं बोललो ते..."

"पाच शिकलेय," म्हणाली, आणि रस्ता ओलांडताना हात धरला. मला नीट दिसत होतं. मी सोडवून घेतला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

डाव्या डोळ्याने ब्रश चालवतोय. नजर एकीकडे, हात दुसरीकडे, पहिल्या तीन प्रती फाडल्या. ही शेजारी बसून विचारते, "आरसा आणून देऊ का?" चौथी प्रत झाली. फक्त घडीची रेघ पुसली. तोंडाला हात लावला नाही.

शिवणकामवाल्या बाईंनी प्रत खिडकीपाशी नेऊन बघितली. मी म्हटलं, "एक कान जरा मोठा झालाय का? डाव्या डोळ्याचं पहिलंच काम आहे."

"मोठाच होता," त्या म्हणाल्या, आणि पदराने काच नसलेला फोटोच पुसायला लागल्या. मी अडवलं. रंग अजून ओला होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरबाईंनी तो चौकटींचा कागद दिलाय. रोज सकाळी उजव्या डोळ्याने ठिपक्याकडे बघायचं, आणि वाक वाढला तर लगेच यायचं. कागद ठेवलाय घडी करून. त्याच्या जागी चंद्राचा फोटो लावलाय. चौकट खिळेभाऊंनी केली, गुण्या माझ्यासमोर चारही कोपऱ्यांना लावून दाखवत. डॉक्टरबाईंना विचारून घेतलंय. म्हणाल्या, चालेल, रेषा सरळ असल्या म्हणजे झालं. मी म्हटलं, त्याची खात्री बावीस माणसांनी केलेली आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उजवा: मधली ओळ, मोठ्या फुलीपाशी वाकडी. काल होती तेवढीच.

डावा: सरळ.